मुलांना घेऊन सिंगापूरला : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

उन्हाळ्याची सुट्टी जवळ येऊ लागली की मुलांसह परदेशी जाण्याविषयीची पत्रे या सदराकडे येऊ लागतात. यंदा सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत सिंगापूरची चौकशी सर्वाधिक आहे, म्हणून या वेळचे सदर त्या एका शहरापुरतेच ठेवले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही कराडला राहतो. मुलगा चार वर्षांचा आहे आणि मुलगी नऊ वर्षांची. मे महिन्यात पाच रात्रींची सिंगापूर सहल ठरते आहे. प्रवासी कंपनीच्या कार्यक्रमात रोज सकाळी साडेआठला बस आहे, दिवसाला दोन किंवा तीन ठिकाणे आहेत आणि रात्री उशिरा परत हॉटेलवर. मुलांच्या वडिलांचे म्हणणे असे की, एवढा खर्च करून जायचे तर सगळे पाहूनच यावे. मला मात्र मुलांना हे झेपेल का, अशी धास्ती वाटते.

उत्तर : आपली धास्ती रास्त आहे आणि हा कार्यक्रम आहे तसा स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी घड्याळाचा हिशेब पाहा. सिंगापूरची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. साडेआठची बस गाठायची तर मुलांना सातला उठवावे लागेल, म्हणजे कराडच्या वेळेने पहाटे साडेचारला. चार वर्षांचे मूल एखादा दिवस तसे उठेल. पण रोज तसे उठवलेले मूल दुपारी बसमध्ये पेंगते, संध्याकाळी किरकिर करते आणि ज्या ठिकाणासाठी सर्वांत महागडे तिकीट काढलेले असते, तेथे नेमके वडिलांच्या खांद्यावर झोपलेले असते. हाच हिशेब उलट्या बाजूने मात्र आपल्या फायद्याचा आहे. तेथे रात्रीचे साडेनऊ होतात तेव्हा मुलांच्या शरीराच्या लेखी सातच वाजलेले असतात. त्यामुळे सकाळ सावकाश सुरू करावी आणि संध्याकाळ लांबवावी. मुलांना भावतील अशा या शहरातील कितीतरी गोष्टी अंधार पडल्यावरच सुरू होतात. १९९४ साली सुरू झालेली नाइट सफारी संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास उघडते. 'गार्डन्स बाय द बे' या उद्यानात लोखंडी सांगाड्यांवर वेली चढवून उभारलेली २५ ते ५० मीटर उंचीची 'सुपरट्री' झाडे आहेत. तेथे रोज पावणेआठला आणि पावणेनऊला दिव्यांचा व संगीताचा खेळ होतो. त्याला तिकीट नाही. गवतावर चादर अंथरून पाठीवर पडायचे आणि वर पाहत राहायचे, एवढेच तेथे करायचे असते.

दुसरी बाब हवेची. सिंगापूर विषुववृत्ताच्या जेमतेम सव्वा ते दीड अंश उत्तरेला आहे. दिवसाचे तापमान एकतीस-बत्तीस अंश, हा आकडा आपल्याकडच्या मे महिन्यापुढे काहीच वाटत नाही. पण तेथील हवेत ओलावा इतका असतो की घाम वाळत नाही आणि लहान मूल तासाभरात मलूल होते. शिवाय दुपारी गडगडाटासह जोरदार पाऊस कोसळण्याचे प्रमाण मोठे आहे. म्हणून बारा ते चार हा वेळ हॉटेलच्या खोलीत, जेवण आणि झोप यांसाठी राखून ठेवावा. एवढे केले तरी सहलीतले निम्मे रडणे टळते.

'सगळे पाहून यावे' या म्हणण्याविषयी. सिंगापूरचे क्षेत्रफळ सुमारे ७३५ चौरस किलोमीटर आहे, आणि आपल्या एकट्या सातारा जिल्ह्याचे १०,४८० चौरस किलोमीटर. शहर लहान आहे म्हणून एका दिवसात तीन ठिकाणे बसवता येतात, असे कार्यक्रम आखणाऱ्यांना वाटते. परंतु मुलांना दमवते ते अंतर नसते. रांगा, जिने, बसमध्ये चढणे-उतरणे आणि 'चला, चला' हे शब्द त्यांना दमवतात. दिवसाला एकच मोठे ठिकाण ठेवा. उत्तरेकडील मंडाई परिसरात प्राणिसंग्रहालय, नाइट सफारी, नदीकाठचे प्राणी दाखवणारे रिव्हर वंडर्स आणि २०२३ साली उघडलेले बर्ड पॅरेडाइज ही चारही ठिकाणे शेजारी शेजारी आहेत. ती चारही 'करून टाकण्याचा' मोह पडतो. आपल्या मुलांच्या वयाला त्यांतले प्राणिसंग्रहालय पुरेसे आहे, कारण तेथे शक्य तेथे गजांऐवजी खंदक आणि झाडी यांचीच आडकाठी ठेवलेली आहे आणि लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरूनही प्राणी नीट दिसतात. सेंटोसा बेटावरील युनिव्हर्सल स्टुडिओज हे मनोरंजन उद्यान मात्र या वेळी गाळावे, असे सुचवतो. तेथील मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते. नऊ वर्षांची मुलगी वडिलांबरोबर आत जाईल आणि आपण चार वर्षांच्या मुलाची समजूत घालत बाहेर उभ्या राहाल. त्याच सेंटोसा बेटावर वाळूचे किनारे आहेत, त्या किनाऱ्यांना प्रवेशाचे तिकीट नाही, आणि सांगली-साताऱ्याच्या मुलांना समुद्र आणि वाळू यांपुढे दुसरे काही सुचत नाही, हा अनुभव आपल्यालाही असेलच.

पहिल्या दिवसाची व्यवस्था आधीच करावी लागते. मुंबईहून रात्री निघणारी विमाने सकाळी पोचतात, प्रवास सुमारे साडेपाच तासांचा असतो आणि हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनशिवाय हाती येत नाही. कराडहून मुंबईपर्यंतचा प्रवासही त्याच दिवशी झालेला असतो. अशा वेळी मुलांना थेट शहरदर्शनाच्या बसमध्ये बसवणे मला निर्दयपणाचे वाटते. आदल्या रात्रीचे भाडे भरून खोली सकाळीच मिळेल अशी सोय करा, किंवा दिवसाचे विमान निवडा. दोन ठिकाणांची तिकिटे कमी केली तर तेवढे पैसे सुटतात. परतीच्या दिवशी विमानतळावर तीन-चार तास आधी जावे. चांगी विमानतळाला लागून २०१९ साली 'ज्वेल' नावाची काचेची भव्य वास्तू उघडली असून तिच्या छतातून ४० मीटर उंचीचा धबधबा आतल्या झाडीत कोसळतो. तो पाहण्यासही तिकीट नाही.

प्रश्न : मी कुंडल परिसरात शिक्षिका आहे. आमची मुलगी बारा वर्षांची आहे; तिला पाळणे आणि खेळ यांत फारसा रस नाही. ती विचारते की, त्या शहरात 'समजून घेण्यासारखे' काय आहे? तिला काय दाखवावे?

उत्तर : हे पत्र वाचून फार आनंद झाला. आपल्या मुलीला तेथे आपल्याच गावच्या इतिहासाचा दुसरा धागा सापडेल.

१९४३ च्या ऑगस्टमध्ये तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके ज्यात होते त्या भागात, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. कुंडल हे त्याचे एक प्रमुख ठाणे. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला सिंगापूरमधील कॅथे चित्रपटगृहात नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली. एक सरकार इंग्रजांच्या नाकावर टिच्चून कृष्णाकाठच्या गावांत न्यायदान करत होते आणि दुसरे समुद्रापार स्वतःची फौज उभी करत होते. कॅथे इमारतीचा दर्शनी भाग आजही जतन केलेला आहे आणि धोबी घाट या मेट्रो स्थानकापासून तो चालत काही मिनिटांवर आहे. तेथून पुढे पाडांग या मोठ्या मैदानावर जावे. ५ जुलै १९४३ रोजी याच मैदानावर आझाद हिंद सेनेपुढे नेताजींनी 'चलो दिल्ली'ची हाक दिली होती. मैदानाला लागून असलेल्या एस्प्लनेड उद्यानात सेनेने आपल्या हुतात्म्यांसाठी १९४५ साली स्मारक उभारले होते. इंग्रजांनी सिंगापूर परत घेताच ते पाडून टाकले. १९९५ मध्ये त्या जागी स्मृतिफलक बसवण्यात आला. फलक लहान आहे आणि शहरदर्शनाची बस तेथे थांबत नाही, म्हणून तो मुद्दाम शोधावा लागतो. कॅप्टन लक्ष्मी यांच्या नेतृत्वाखालील झाशी राणी पलटणीचे शिक्षणही याच शहरात सुरू झाले आणि त्या पलटणीतील कितीतरी मुली मलायातील, म्हणजे आजच्या मलेशियातील, रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ कुटुंबांतून आलेल्या होत्या. बारा वर्षांच्या मुलीला हे त्या मैदानावर उभे राहून सांगावे. निघण्यापूर्वी कुंडलच्या आसपास प्रतिसरकारच्या आठवणी घरात ऐकलेल्या एखाद्या वृद्ध माणसाकडे तिला घेऊन जाता आले, तर फारच उत्तम.

मळ्यांचा विषय निघालाच आहे, तर वनस्पती उद्यानही पाहा. १८५९ साली स्थापन झालेल्या या उद्यानाला २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. ब्राझीलमधील रबराची रोपे लंडनच्या क्यू उद्यानातून येथे १८७७ साली आली आणि पुढे उद्यानाचे संचालक हेन्री रिडली यांनी झाड न मारता त्याच्या सालीतून चीक काढण्याची पद्धत बसवली. मलायातील मळे त्यानंतर उभे राहिले आणि त्या मळ्यांसाठी दक्षिण भारतातून मजूर नेले गेले. झाड, व्यापार, स्थलांतर आणि स्वातंत्र्यलढा अशी ही साखळी आपली मुलगी सहज जोडील. उद्यानात प्रवेश मोफत आहे, फक्त आतील ऑर्किड बागेला तिकीट आहे. सकाळी लवकर जावे.

तिसरे ठिकाण मरीना बराज. सांगली जिल्ह्यातील प्रत्येक मुलाने हे पाहावे, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर आपल्याकडच्या मुलांच्या कानावर 'विसर्ग', 'आयर्विन पुलाची पातळी', 'कोयनेचे दरवाजे' हे शब्द दर पावसाळ्यात पडतात; पण पाणी अडवणे आणि सोडणे यांमागचे गणित त्यांना कोणी प्रत्यक्ष दाखवत नाही. सिंगापूरला मोठी नदी नाही आणि पिण्याच्या पाण्यासाठी शेजारच्या मलेशियातील जोहोर राज्यावर त्याला बराच काळ विसंबून राहावे लागले. त्या संबंधीच्या १९६२ च्या कराराची मुदत २०६१ पर्यंत आहे. त्यामुळे पावसाचा थेंब न थेंब साठवणे, सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरणे आणि समुद्राचे पाणी गोडे करणे हे मार्ग त्या देशाने धरले. २००८ साली पूर्ण झालेला मरीना बराज हा खाडीच्या मुखावर बांधलेला ३५० मीटर लांबीचा बंधारा आहे. त्याने समुद्र बाहेर राखला आणि आत शहराच्या मधोमध गोड्या पाण्याचा जलाशय तयार केला.

बंधाऱ्यावरून चालत जाताना एका हाताला जलाशयाचे पाणी दिसते आणि दुसऱ्या हाताला समुद्राचे, आणि दोन्हींच्या पातळ्या सारख्या नसतात. मुलीला तेथे थांबवून हा फरक पाहू द्यावा, कारण सगळे काम या फरकावर चालते. मुसळधार पाऊस झाला आणि समुद्राला ओहोटी असली, तर बंधाऱ्याचे नऊ पोलादी दरवाजे खाली करून जादा पाणी आपोआप बाहेर जाऊ दिले जाते. भरती असली, तर दरवाजे उघडल्यास समुद्रच आत येईल. म्हणून ते बंद ठेवून प्रचंड पंपांनी पाणी उपसून समुद्रात टाकले जाते. चायनाटाउनसारख्या सखल भागांतील पूर त्यामुळे आटोक्यात आले. आत एक मोफत प्रदर्शन आहे आणि इमारतीच्या छतावर हिरवळ असून तेथे संध्याकाळी मोठी माणसे आणि मुले पतंग उडवतात. आपल्याकडचा पतंग आणि मांजा नेऊ नये, साधा दोऱ्याचा पतंग तेथे मिळतो. जुन्या सिंगापूर नदीची गोष्टही येथेच सांगता येईल. १९७७ मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी ती दहा वर्षांत स्वच्छ करण्याचे उद्दिष्ट दिले आणि १९८७ पर्यंत ते काम पुरे झाले. त्यासाठी नदीकाठचे गोठे, डुकरांचे वाडे, होड्यांची डागडुजी करणाऱ्या जागा आणि रस्त्यावरील खाद्यविक्रेते यांना दुसरीकडे हलवावे लागले, आणि त्यात अनेकांचे पिढीजात धंदे मोडले हेही मुलीला सांगायला हवे. कृष्णेचे पाणी काळे का होते, असे ती कधी ना कधी विचारणारच आहे. त्या वेळी बोलताना हे उदाहरण दोन्ही बाजूंनी हाताशी असू द्यावे.

प्रश्न : मी वाईची, वय ६८. मुलगा, सून आणि दोन नातवंडांबरोबर जात आहे. मी पूर्ण शाकाहारी आहे आणि धाकटा नातू वरण-भाताशिवाय जेवत नाही. घरून काय नेता येईल?

उत्तर : आजी, जेवणाची चिंता नको. राहण्याची जागा लिटल इंडिया किंवा फॅरर पार्क या मेट्रो स्थानकांच्या आसपास घ्यायला मुलाला सांगा. तेथील सेरंगून रस्ता आणि रेसकोर्स रस्ता यांवर शाकाहारी भारतीय उपाहारगृहांची रांग आहे. कोमला विलास तर १९४७ पासून चालू आहे. इडली, दहीभात, सांबार-भात सकाळपासून रात्रीपर्यंत मिळतो. नातवाला सांबार तिखट लागले तर साधा भात आणि दही मागावे. याच भागाजवळ केके हे स्त्रिया व मुलांसाठीचे मोठे सरकारी रुग्णालय आहे. लहान मुले बरोबर असताना रात्री-अपरात्री ताप चढला तर हे जवळ असणे फार मोलाचे आहे. रुग्णवाहिकेसाठी ९९५ क्रमांक आहे. परदेशी माणसाला तेथे उपचार महाग पडतात, म्हणून मुलांसह सर्वांचा प्रवास विमा उतरवल्याशिवाय निघू नये.

इतर भागांत हिंडताना 'हॉकर सेंटर' या मोठ्या खाद्यमंडयांत जेवावे लागेल. तेथील चिनी गाड्यांवर भाज्यांच्या पदार्थांतही माशाचा किंवा कालवांचा रस पडतो, तेव्हा 'भाजी आहे म्हणजे शाकाहारी' असे धरू नये. बौद्ध शाकाहारी गाडी वेगळी असते, ती शोधावी. टेबलावर कोणी नसताना कागदी रुमालांचे छोटे पाकीट ठेवलेले दिसले, तर ती जागा कोणीतरी धरलेली आहे असे समजावे. जेवण झाल्यावर ताट स्वतः उचलून ठेवणे तेथे कायद्याने बंधनकारक आहे. ताटे ठेवण्याच्या मांडण्याही दोन असतात, एक हलाल पदार्थांच्या ताटांसाठी आणि दुसरी इतरांसाठी. नातवंडांना हे एकदा दाखवले की पुढे तीच आपल्याला मांडणी दाखवत हात धरून नेतील. नळाचे पाणी थेट पिता येते, त्यामुळे रिकाम्या बाटल्या बरोबर ठेवाव्यात.

आता नेण्याच्या वस्तू. चिवडा, चकली, शंकरपाळी, मेतकूट, थालीपिठाची भाजणी चालेल. मात्र एक गोष्ट अगदी नीट पाहा : खसखस. सिंगापूरच्या अमली पदार्थविषयक नियमांत खसखस निषिद्ध मालात मोडते आणि तेथील हे कायदे जगात सर्वांत कडक असलेल्यांपैकी आहेत. आपल्याकडे अनारशांवर, डिंकाच्या लाडवांत आणि घरच्या कांदा-लसूण मसाल्यातही खसखस असते. सून प्रेमाने मसाल्याची बरणी बांधून देईल; ती घरीच ठेवा. च्युइंगगमच्या आयातीवर १९९२ पासून बंदी आहे. गुटखा आणि खाण्याची तंबाखू यांवरही बंदी आहे, म्हणून घरातील पुरुषमंडळींच्या खिशांत पुडी राहून गेलेली नाही ना, हे विमानतळावर जाण्याआधीच पाहावे. कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि झोपेच्या गोळ्या यांसाठी आधी परवानगी घ्यावी लागते. बाकी नेहमीची औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातील पिशवीत ठेवावीत.

प्रश्न : आमची तासगावला द्राक्षबाग आहे. एप्रिलची खरडछाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी या दोन्ही वेळा बागेतून हलता येत नाही. मुलांच्या शाळा सांभाळून केव्हा जावे?

उत्तर : छाटणीनंतरची विरळणी आटोपली की मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्याच्या आत जाऊन यावे. सिंगापूरच्या शाळांना मेअखेरीपासून जूनअखेरीपर्यंत सुट्टी असते आणि त्या काळात प्राणिसंग्रहालय, सेंटोसा यांसारखी ठिकाणे स्थानिक कुटुंबांनी भरून जातात. त्याआधी गेल्यास रांगा लहान असतात. दिवाळीच्या सुट्टीत लिटल इंडियातील रोषणाई पाहण्यासारखी असते, पण फळछाटणीनंतरचे दिवस बागेला किती नाजूक असतात हे मी आपल्याला सांगायला नको. शिवाय नोव्हेंबर ते जानेवारी हा तेथे अधिक पावसाचा काळ. कोणत्याही महिन्यात गेलात तरी मोठी ठिकाणे शनिवार-रविवारी टाळावीत.

प्रश्न : विट्याहून आम्ही दोन भावांची कुटुंबे मिळून आठ जण जाणार आहोत. व्हिसा, राहणे आणि शहरातील फिरणे यांबाबत कोणती काळजी घ्यावी? एका परिचिताने मोठा फ्लॅट भाड्याने घेण्याचा सल्ला दिला आहे.

उत्तर : फ्लॅटचा विचार सोडून द्या. सिंगापूरमध्ये खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी भाड्याने देणे बेकायदा आहे. संकेतस्थळावर स्वस्त फ्लॅट दिसला तरी त्यात अडकू नये. हॉटेलच्या खोल्या लहान असतात आणि एका खोलीत किती मुले चालतील याचा नियम प्रत्येक हॉटेलचा वेगळा असतो, म्हणून मुलांची वये कळवून, दारांनी जोडलेल्या खोल्या लेखी मागून घ्याव्यात.

पासपोर्ट आजच काढून पाहा. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षे चालतो आणि तो संपत आल्याचे घरात कोणाच्या लक्षात राहत नाही. प्रवेशाच्या वेळी किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी लागते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांचे पासपोर्टचे काम पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाच्या अखत्यारीत येते, आणि सुट्टीच्या तोंडावर तेथे गर्दी असते. भारतीयांना सिंगापूरचा व्हिसा लागतो व तो अधिकृत एजंटांमार्फत मिळतो. एजंट त्यांच्या यादीत आहे ना, हे उच्चायुक्तालयाच्या किंवा मुंबईतील वाणिज्य दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. पोचण्याच्या तीन दिवस आधीपासून प्रत्येकाचे, तान्ह्या बाळाचेही, 'आगमन पत्र' इंटरनेटवर भरावे लागते. ते सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नाहीत. पॅकेज घेतल्यास प्रवासी कंपनी टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर, कापते. तो आपल्या पॅन क्रमांकावर जमा होतो आणि विवरणपत्रात परत मागता येतो, म्हणून त्याचा दाखला मागून घ्या.

फिरण्यासाठी मेट्रो आणि बस उत्तम आहेत. ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला मोठ्यांबरोबर तिकीट लागत नाही. बाकी प्रत्येकाकडे स्वतंत्र कार्ड हवे, एकाच कार्डावर दोघांना आत जाता येत नाही. मेट्रोत खाणे-पिणे मना आहे आणि त्यासाठी दंड ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत होऊ शकतो. मुलांच्या हातातील बिस्कीट फाटकाच्या बाहेरच संपवावे. ॲपवरून मागवलेल्या खासगी मोटारीत १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलासाठी योग्य आसन असणे बंधनकारक आहे, अन्यथा चालक आपल्याला नेणार नाही. रस्त्यावरील नेहमीच्या टॅक्सीला या नियमातून सूट आहे, तरी मुलांना मागच्या बाकावर पट्टा लावूनच बसवा. आठ जणांत एखादे मूल हरवण्याची भीती असते. म्हणून रोज बाहेर पडताना सर्वांचे एकत्र छायाचित्र काढावे, म्हणजे त्या दिवशीचे कपडे दाखवता येतात, आणि मुलांच्या खिशात हॉटेलचे कार्ड ठेवावे. गाडीचे दार मध्येच बंद झाले तर आत राहिलेल्याने पुढच्या स्थानकावर उतरून जागचे हलायचे नाही, हे घरी असतानाच दोन-तीनदा वदवून घ्यावे.

प्रश्न : साताऱ्यात राहतो. आमचा दहा वर्षांचा मुलगा व्हीलचेअर वापरतो. आजवर त्याला घेऊन आम्ही महाबळेश्वरच्या पुढे गेलो नाही. सिंगापूरला नेणे शक्य आहे का?

उत्तर : अवश्य न्या. साताऱ्याचे चढ-उतार आणि पायऱ्या यांत त्याला जे घराबाहेर करता येत नाही, त्यातले पुष्कळसे तेथे तो स्वतःच्या हाताने चाके फिरवत करू शकेल. प्रत्येक मेट्रो स्थानकावर लिफ्ट आहे. सर्व सार्वजनिक बसगाड्यांत व्हीलचेअर चढवण्याची सोय आहे. बस थांब्याला लागली की चालक स्वतः उठून दाराशी येतो, जमिनीतली फळी उलगडून पदपथावर टाकतो, खुर्ची जागेवर लावून देतो आणि मगच बस सोडतो. बसमधील इतर कोणी त्याबद्दल चुळबुळ करत नाही. गार्डन्स बाय द बे मधील डोंगराच्या आकाराच्या काचघरात लिफ्टने सर्वांत वर जाऊन उताराच्या वाटेने ढगांसारख्या धुक्यातून खाली येता येते. प्राणिसंग्रहालय, वनस्पती उद्यान आणि मरीना बराजचे छत येथेही चाकांना अडचण येत नाही. दुपारच्या उन्हाचे आणि विश्रांतीचे वर सांगितलेले पथ्य त्याच्यासाठी अधिक काटेकोरपणे पाळावे, आणि पावसासाठी खुर्चीसकट झाकणारा रेनकोट न्यावा.

विमान कंपनीला तिकीट काढतानाच कळवावे. खुर्ची विजेरीवर चालणारी असेल तर विजेरीचा प्रकार आणि क्षमता त्यांना आधी लागते. हॉटेलला 'व्हीलचेअरची सोय आहे का' एवढेच विचारून भागत नाही. आपल्या खुर्चीची रुंदी टेपने मोजून सेंटिमीटरमध्ये लिहा आणि न्हाणीघराच्या दाराची रुंदी किती, आत उंबरा आहे का आणि लिफ्टमध्ये खुर्चीसह दोघे मावतात का, याचे उत्तर छायाचित्रासह मागवा. ते हाती आल्यावरच पैसे भरा.